समान नागरी कायदा आणि ‘लोकांचं मत’: आकडा कसा जमतो, त्यातून काय सुटतं

जून २०२३ मध्ये, कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या केंद्राच्या बाविसाव्या विधी आयोगाने समान नागरी कायद्यावर लोकांची मतं मागवली आणि महिना-दीड महिन्यात ७५ लाखांहून अधिक प्रतिसाद आयोगाकडे जमा झाले. त्याच पावसाळ्यात आसाम सरकारने बहुपत्नीत्वावर बंदी आणणाऱ्या कायद्याबद्दल जाहीर नोटीस काढून सूचना मागवल्या. तिथे आल्या १४९. त्यातल्या १४६ बाजूने आणि तीन संघटनांचा विरोध, असं मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी स्वतःच जाहीर केलं. एकीकडे पाऊण कोटी, दुसरीकडे दीडशेसुद्धा नाहीत. आणि दोन्हींना आपण जनमतच म्हणतो.

कुटुंब कायद्यांची दुरुस्ती आता राज्याराज्यांत होऊ लागली आहे. उत्तराखंडाने स्वतःचा समान नागरी कायदा करून तो लागूही केला. गुजरातने फेब्रुवारी २०२५ मध्ये समिती नेमली. आसामच्या विधानसभेने नोव्हेंबर २०२५ मध्ये बहुपत्नीत्व बंदीचं विधेयक मंजूर केलं. उद्या आपल्याकडेही एखादी समिती बसेल, वर्तमानपत्रात नोटीस येईल, मोबाइलवर लिंक फिरेल आणि ‘तुमचं मत कळवा’ असं सांगितलं जाईल. तेव्हा आपण नेमकं कशावर मत देतोय, आणि दिलेल्या मताचं पुढे काय होतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. ‘समान नागरी कायदा हवा की नको’ या प्रश्नाला आलेली लाखो उत्तरं मोजून लोकांचं मत कळत नाही. मसुदा लोकांच्या हातात द्यायला हवा, कलमागणिक विचारायला हवं, आणि ज्यांच्या आयुष्यावर त्या कलमाचा थेट परिणाम होणार त्यांना वेगळं बसवून ऐकायला हवं. हे का, ते पुढे उलगडत जाईल.

राज्याला असा कायदा करता येतो का?

येतो. लग्न, घटस्फोट, दत्तक, अज्ञान मुलांचं पालकत्व, मृत्युपत्र, वारसा, एकत्र कुटुंब आणि वाटणी हे सगळे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, पाचव्या नोंदीत आहेत. त्यावर केंद्रही कायदा करू शकतं आणि राज्यही. राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागते. ती मिळाली की त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. अनुच्छेद ४४ मध्ये समान नागरी संहितेसाठी प्रयत्न करावा असं म्हटलंय, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या आधारे कोर्टात जाऊन ‘कायदा कराच’ असं म्हणता येत नाही.

उत्तराखंड आणि गुजरातने समित्या नेमल्या तेव्हा त्यालाही सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने याचिका ऐकून घ्यायला नकार दिला. समिती नेमणं राज्याच्या अधिकारात बसतं, एवढाच त्याचा अर्थ. समितीने काय लिहावं, याबद्दल न्यायालय काही बोललं नव्हतं.

राज्यांनी कुटुंब कायद्यात पुढाकार घेण्याची उदाहरणं आपल्या घरचीच आहेत. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून लागू केली. त्याआधी आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूने केली होती, केरळने तर एकत्र कुटुंबपद्धतीच कायद्यातून काढून टाकली होती. केंद्राला जाग आली ती ९ सप्टेंबर २००५ ला. महाराष्ट्राच्या दुरुस्तीत एक मोठी खोच होती: त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना तो हक्क नव्हता. एकाच घरातल्या दोन बहिणी, थोरलीचं लग्न १९९३ मध्ये झालेलं, धाकटीचं १९९५ मध्ये, आणि वाडवडिलांच्या घरात एकीचा हक्क, दुसरीचा नाही. ‘मुलींना समान हक्क हवा का’ असा सरळ प्रश्न विचारला असता, तर ही खोच कुणाच्या ध्यानातही आली नसती. ती मसुद्यातल्या एका ओळीत होती. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती गेली, आणि विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये उरलेली शंकाही मिटवली.

उत्तराखंडात लोकांना कसं विचारलं

उत्तराखंड सरकारने मे २०२२ मध्ये पाच जणांची तज्ज्ञ समिती नेमली. अध्यक्षपदी न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई. मुंबई उच्च न्यायालयात त्या अनेक वर्षं न्यायाधीश होत्या, नंतर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. समितीने टपालाने, ईमेलने, संकेतस्थळावरून सूचना घेतल्या, सीमेवरच्या माणा गावापासून ठिकठिकाणी जनसंवाद घेतले, सत्तरहून अधिक बैठका केल्या. लेखी सूचना सुमारे २ लाख ३३ हजार आल्या. राज्यातल्या जवळपास दहा टक्के कुटुंबांनी मत दिलं, असं सरकारकडून सांगितलं गेलं.

हे काम छोटं नव्हे आणि त्याला नावं ठेवायचं कारण नाही. डोंगराळ राज्यात गावोगाव जाऊन माणसं जमवायची, त्यांना लग्न-घटस्फोटाबद्दल बोलतं करायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. फक्त हिशोब नीट वाचायला हवा. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. माणशी धरलं तर सूचना देणारे दोन-सव्वादोन टक्के. एका घरातून एकच सूचना आली असं धरलं, तरच ते प्रमाण दहा टक्के कुटुंबांपर्यंत जातं. आणि घरातून एकच सूचना जाते, तेव्हा ती लिहितं कोण? बहुतेक घरांत कर्ता पुरुष. ज्या सुनेला पोटगीचं कलम लागू होणार, ती त्या कागदावर असतेच असं नाही.

समितीने २ फेब्रुवारी २०२४ ला अहवाल सरकारला दिला. ६ फेब्रुवारीला विधेयक सभागृहात मांडलं गेलं आणि ७ तारखेला मंजूर झालं. ३९२ कलमं. विधेयक प्रवर समितीकडे पाठवा, वाचायला वेळ द्या, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. मार्चमध्ये राष्ट्रपतींची संमती आली. समितीचा चार खंडांचा अहवाल लोकांना वाचायला मिळाला तो जुलै २०२४ मध्ये, म्हणजे कायदा होऊन गेल्यावर. २७ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला.

क्रम पाहा. आधी लोकांना विचारलं, मग मसुदा लिहिला, मग तो दोन दिवसांत मंजूर केला. लोकांनी मत दिलं तेव्हा मत देण्याजोगा मसुदाच समोर नव्हता. घर बांधायचं का, असं सगळ्या घराला विचारून होकार घ्यायचा आणि नकाशा मात्र वास्तुशांतीच्या दिवशी दाखवायचा, तसं हे झालं. स्वयंपाकघर कुठे, म्हाताऱ्या आईची खोली कुठे, हे बोलायला वावच राहिला नाही.

याचा सगळ्यात मोठा फटका बसला लिव्ह-इनच्या तरतुदीला. राज्यात लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्याने निबंधकाकडे नोंद करणं या कायद्याने बंधनकारक झालं. महिन्याभरात नोंद केली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोघांपैकी कुणी एकवीस वर्षांखालचं असेल, तर आई-वडिलांना कळवलं जातं. ही सक्ती उत्तराखंडाच्या रहिवाशांपुरती नाही, राज्यात राहणाऱ्या कुणालाही आहे. म्हणजे देहरादूनला नोकरीसाठी गेलेल्या पुण्या-नाशिकच्या मुलामुलींनाही ती लागू होते. याच भागात दोन चांगल्या गोष्टीही आहेत: अशा नात्यातून झालेलं मूल औरस मानलं जातं, आणि सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी मागता येते. ‘समान नागरी कायदा हवा’ म्हणणाऱ्या किती जणांच्या मनात तेव्हा लिव्ह-इनची नोंदणी होती? माझा अंदाज, फार थोड्यांच्या. मसुदा आधी समोर आला असता, तर लोक म्हणाले असते: मुलाचा हक्क ठेवा, पोटगी ठेवा, तुरुंग काढा. किंवा याच्या उलटही म्हणाले असते. पण निदान म्हणाले असते. आता तो वाद नैनीतालच्या उच्च न्यायालयात गेला आहे.

‘समान’ म्हणजे कोणता?

इथे जरा थांबायला हवं, कारण खरा घोळ या ठिकाणी आहे. ‘सगळ्यांना एकच कायदा’ म्हटलं की डोक्यात येतं, कायदा एकच असेल तर तो कसा असणार हे ठरलेलंच आहे. तसं नाही. वारशाचंच उदाहरण घेऊ.

समजा एका माणसाकडे १२ लाखांची मालमत्ता आहे, वाडवडिलांकडून आलेली. बायको आधीच गेलेली. एक मुलगा, एक मुलगी. बापाला सगळं मुलालाच द्यायचंय आणि तसं मृत्युपत्र त्याने केलं.

महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबात आज काय होईल? वडिलोपार्जित मालमत्तेत बाप, मुलगा आणि मुलगी तिघांचे समान हिस्से, चार-चार लाखांचे. बाप मृत्युपत्राने देऊ शकतो तो फक्त स्वतःचा हिस्सा. मुलीचे चार लाख तिचेच. मृत्युपत्र नसतं, तर तिला सहा मिळाले असते.

उत्तराखंडाच्या नव्या कायद्यात वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित हा भेदच ठेवलेला नाही. मृत्युपत्र नसेल, तर मुलगा-मुलगी समान, सहा-सहा लाख. अगदी स्वच्छ. पण मृत्युपत्र असेल, तर सगळी मालमत्ता हवी त्याला देता येते. वरच्या उदाहरणातल्या मुलीला शून्य.

गोव्यात आणखी तिसरंच. तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही चालू राहिली. वारशाचा भाग आता राज्याच्या स्वतःच्या २०१२ च्या कायद्यात आला आहे. मूळ तत्त्व तेच राहिलं: मुलांचा अर्धा हिस्सा राखीव. बापाने कितीही ठरवलं, तरी उरलेल्या अर्ध्याचंच मृत्युपत्र करता येतं. म्हणजे या मुलीला निदान तीन लाख मिळणारच, आणि मृत्युपत्र नसतं तर सहा.

मुस्लीम कायद्यात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, ही उघड विषमता आहे. पण तिथे वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करता येत नाही, त्यामुळे मुलीला पार हात हलवत घालवता येत नाही. उत्तराखंडात मुस्लीम मुलीचा वाटा मुलाएवढा झाला, आणि तो मृत्युपत्राने पुसून टाकायची मुभाही त्याच वेळी आली.

आता सांगा, ‘समान नागरी कायदा हवा का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या बाईने यातल्या कशाला हो म्हटलं? उत्तराखंडाचा कायदाही समान आणि गोव्याचाही समान. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका निकालात गोव्याचं उदाहरण देऊन कौतुकच केलं होतं. मुलीच्या पदरात मात्र एकीकडे शून्य पडतं, दुसरीकडे तीन लाख. गोव्यात लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता वेगळा करार नसेल तर सामाईक होते, म्हणून तिथे जमीन किंवा घर विकताना दोघांच्याही सह्या लागतात. गोव्यात फ्लॅट घेतलेल्या आपल्याकडच्या अनेकांनी हे अनुभवलंय. उत्तराखंडाच्या कायद्यात ही सामाईक मालकी नाही. माझ्या लेखी बायकांच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट हीच होती, आणि राष्ट्रीय चर्चेत ती फारशी कुणी उचललीच नाही.

पाऊण कोटी प्रतिसाद कसे जमतात

विधी आयोगाची गोष्ट दोनदा घडली आहे, आणि दोन्ही खेपांतला फरक शिकण्यासारखा आहे. २०१६ मध्ये एकविसाव्या आयोगाने सोळा प्रश्नांची प्रश्नावली काढली. ७५,३७८ प्रतिसाद आले. मुस्लीम पर्सनल लॉ बोर्डाने प्रश्नावलीवर बहिष्कार टाकला, म्हणजे एक मोठा आवाज मोजणीतूनच बाहेर राहिला. तरी आयोगाने दोन वर्षं अभ्यास करून ऑगस्ट २०१८ मध्ये आपलं मत मांडलं: समान नागरी संहिता या टप्प्यावर आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. त्याऐवजी प्रत्येक धर्माच्या कायद्यातला भेदभाव कलम-कलम काढा. त्यासाठी सूचनाही दिल्या.

२०२३ मध्ये बाविसाव्या आयोगाने प्रश्नावलीही दिली नाही आणि मसुदाही. नुसतं म्हटलं, मत कळवा. मग व्हायचं तेच झालं. बोर्डाने तयार पत्राचा मजकूर आणि क्यूआर कोड दिला: स्कॅन करा, नाव घाला, पाठवा. दुसऱ्या बाजूने अमुक नंबरवर मिस्ड कॉल द्या, पाठिंबा नोंदवला जाईल, असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले. शेवटी आयोगाला जाहीर खुलासा करावा लागला की अशा मेसेज आणि कॉलशी आमचा काही संबंध नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही दोन्ही प्रकारचे मेसेज आठवडाभर येत होते, आणि पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही ‘यातलं कोणतं कलम’ असं विचारलेलं मला आठवत नाही. विचारणार तरी कसं, कलमच नव्हतं.

एकाच मजकुराचे दहा लाख ईमेल आले, तर त्यातून दोन गोष्टी कळतात. संघटना किती बांधलेली आहे, ही एक. आणि विषय लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत आणि सरकारने त्यांची दखल घ्यायलाच हवी. पण मुद्दा म्हणून बघाल तर दहा लाखांत मुद्दा एकच असतो. बाविसाव्या आयोगाची मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली, आणि या विषयावर अहवाल न देताच आयोग गेला. पाऊण कोटी प्रतिसाद फायलीतच राहिले.

सर्वेक्षणांचं काय

सर्वेक्षणात पत्रं येण्याची वाट बघत बसत नाहीत. माणसं निवडून त्यांच्या दारात जातात, म्हणून ते एकंदरीत जास्त भरवशाचं. पण त्यातही प्रश्न कसा विचारला यावर सगळं अवलंबून असतं.

प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१९-२० मध्ये भारतभर सुमारे तीस हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. कुटुंबातले वाद आपल्या धर्माच्या न्यायालयात नेण्याची मुभा असावी, असं ७४ टक्के मुस्लिमांनी म्हटलं. नुसता हा आकडा वाचला तर वाटेल, समाजाला कुठलाच बदल नको. पण त्याच सर्वेक्षणात तोंडी तिहेरी तलाक नको म्हणणारे मुस्लीम ५६ टक्के होते. तो हवा म्हणणारे मुस्लीम पुरुषांत ४२ टक्के आणि मुस्लीम स्त्रियांत ३२ टक्के. म्हणजे एकच माणूस एका श्वासात म्हणतो, आमचे वाद आमच्यात मिटू द्या, आणि हा अन्यायही थांबवा. यात विसंगती शोधायचं कारण नाही. माणसं अशीच विचार करतात, बाईचं दुःख त्यांना दिसतं आणि बाहेरच्याचा हस्तक्षेपही खुपतो. तिहेरी तलाकविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या शायरा बानो उत्तराखंडातल्याच, काशीपूरच्या. २०१७ चा निकाल त्यांच्या याचिकेवरचा.

भारतीय मुस्लीम महिला आंदोलन या संघटनेने २०१५ मध्ये दहा राज्यांतल्या ४,७१० मुस्लीम स्त्रियांशी बोलून एक अहवाल काढला. त्यात तोंडी तलाक बंद व्हावा म्हणणाऱ्या ९२ टक्क्यांहून थोड्या अधिक होत्या, आणि नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला विरोध करणाऱ्या ९१.७ टक्के. प्यूच्या आकड्यांपेक्षा हे खूप जास्त, म्हणून कुणी एक खोटं ठरवायची घाई करतं. पण दोन्हींची पद्धत वेगळी. प्यूने सगळ्या समाजाचा नमुना घेतला. आंदोलनाच्या कार्यकर्त्या वस्त्यांमधल्या बायकांकडे गेल्या, त्यांच्या ओळखीच्या होऊन बसल्या. दिवाणखान्यात अनोळखी माणसासमोर नवऱ्याच्या आणि सासूच्या देखत दिलेलं उत्तर, आणि शेजारणींबरोबर बसून दिलेलं उत्तर, यांत फरक पडणारच. कायदा करणाऱ्याला दोन्ही उत्तरं हवीत.

मत एक, सही दुसरीच

आता आपल्याकडचं बघू, म्हणजे हे फक्त ‘त्यांच्या’ समाजाचं आहे असा समज व्हायला नको. प्यूच्याच पाहणीत, आई-वडिलांच्या मालमत्तेत मुलगा-मुलीला समान हक्क असावा असं ६४ टक्के भारतीयांनी सांगितलं. कागदावर बहुमत स्पष्ट आहे. कायदाही १९९४ पासून आणि नंतर २००५ पासून बाजूने आहे. मग सातबाऱ्यावर लेकींची नावं किती दिसतात?

वडील गेले की तेराव्यानंतर भाऊ वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे जातो. कायद्याने बहिणींची नावं लागतातच, म्हणून ती लागतात. मग काही महिन्यांत बहिणींना फोन जातो: ‘ताई, एक दिवस ये, सह्या करायच्या आहेत.’ दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र तयार असतं. त्यात लिहिलेलं असतं की मी राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, कुणाच्या दबावाखाली न येता माझा हक्क सोडत आहे. बहिणी फोटो काढून घेतात, अंगठा लावतात, सही करतात. फेरफार मंजूर होतो, नाव जातं. माझ्या नात्यातल्या एका आत्याला मी विचारलं होतं, का सोडलंत? म्हणाल्या, ‘दोन एकरांसाठी माहेर तोडू का गं? दिवाळीला भावाच्या दारात उभी राहायला जागा हवी ना.’

त्यांना कुणी सर्वेक्षणात विचारलं असतं, मुलीला समान हक्क हवा का, तर त्यांनी ‘हवा’ म्हटलं असतं, आणि ते खरंही असतं. सहीसुद्धा खरीच होती. मधल्या जागेत माहेर आहे, भाऊबीज आहे, म्हातारपणी कोण बघणार ही काळजी आहे. कुटुंब कायद्यावरचं लोकमत त्या जागेत राहतं, आणि टक्केवारीत ते दिसत नाही. तिथे पोचायचं तर प्रश्न वेगळा हवा: हक्कसोडपत्र वडील गेल्यावर वर्षभर नोंदवूच नये, असा नियम केला तर चालेल का? सहीआधी बहिणीला एकटीला बसवून निबंधकाने तिच्या हिश्श्याची किंमत सांगावी का? असे प्रश्न विचारून पाहा, आत्या दोन तास बोलतील.

ऐंशी वर्षांपूर्वी काय केलं होतं

मसुदा आधी दाखवणं अव्यवहार्य आहे, असं कुणी म्हटलं तर हिंदू कायदा समितीची आठवण करून द्यावी. बी. एन. राव अध्यक्ष, आणि सदस्यांत पुण्याच्या लॉ कॉलेजचे ज. र. घारपुरे. या समितीने १९४४ मध्ये हिंदू संहितेचा मसुदा प्रसिद्ध केला, देशी भाषांत त्याची भाषांतरं काढली, आणि १९४५ मध्ये शहरोशहरी जाऊन साक्षी घेतल्या. मुंबई आणि पुणे त्यात होतंच. शास्त्री-पंडित आले, वकील आले, स्त्रियांच्या संघटना आल्या. लोक कलमांवर बोलले, कारण कलमं हातात होती. इंग्रजी राजवट, महायुद्ध चालू, आणि तरी.

त्या समितीतच एक मोठा मतभेद झाला. द्वारकानाथ मित्तर या सदस्यांचं म्हणणं पडलं की आलेल्या मतांत बहुसंख्य विरोधात आहेत, तेव्हा ही संहिता करू नये. बाकीच्यांनी ते मानलं नाही. मोजणीला लगाम सोपवायचा की मुद्द्यांना, हा वाद तेव्हाचा आहे आणि तो अजून मिटलेला नाही. पुढे डॉ. आंबेडकरांनी विधेयक लावून धरलं, ते अडलं, १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, आणि अखेर १९५५-५६ मध्ये तुकड्यातुकड्यांनी ते कायदे झाले. नुसत्या मतांच्या मोजणीवर सोडलं असतं, तर हिंदू स्त्रीला घटस्फोट कधी मिळाला असता कोण जाणे.

म्हणून बहुमत हाच कौल, असंही मी म्हणत नाही. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत विधिमंडळावर हमीद दलवाईंनी एक मोर्चा नेला होता. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्यांना समान कायदा करा, ही मागणी. मोर्चात स्त्रिया होत्या सात. मोजायला गेलं तर आसामच्या त्या १४९ पेक्षाही कितीतरी कमी. पण त्या सात जणी स्वतःचं जगणं घेऊन आल्या होत्या, आणि पन्नास वर्षांनी न्यायालयाला त्याच प्रश्नापाशी यावं लागलं.

आदिवासींबाबतही हेच. उत्तराखंडाने अनुसूचित जमातींना कायद्यातून वगळलं. हिंदू वारसा कायदाही त्यांना लागू नाही. वगळल्याने परंपरा राहते हे खरं, पण आदिवासी मुलीला जमिनीत वाटा नाही हा प्रश्नही तसाच राहतो. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीच्या वारसांना समान वाटा दिला. गडचिरोलीच्या गोंड बायकांना आणि नंदुरबारच्या भिल्ल बायकांना याबद्दल काय वाटतं, हे त्यांच्या पाड्यावर जाऊन, त्यांच्या बोलीत विचारल्याशिवाय कळायचं नाही. जमातीचे पुढारी काय म्हणतात ते लगेच कळतं.

नोटीस आली तर काय करावं

केंद्राचं २०१४ चं एक धोरण आहे: विधेयकाचा मसुदा निदान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा. ते केंद्रीय मंत्रालयांसाठी आहे, राज्यांवर बंधनकारक नाही, आणि केंद्रातही ते दरवेळी पाळलं जात नाही. पण मागणी करायला त्याचा आधार घेता येतो. तेव्हा राज्याची समिती बसली आणि मसुदा न देता मत मागितलं, तर पहिलं पत्र एवढंच लिहा: मसुदा मराठीत प्रसिद्ध करा, मग मत देतो.

मसुदा हातात आला की सगळा वाचायची गरज नाही. आपल्या घराशी संबंधित तीन-चार कलमं शोधा: वारसा, मृत्युपत्र, पोटगी, नोंदणी. कलमाचा क्रमांक घाला, आपल्या घरात किंवा कामात काय पाहिलंय ते दोन ओळींत लिहा, आणि नेमका कोणता शब्द बदलावा ते सांगा. ‘मृत्युपत्राने मुलांचा निम्मा हिस्सा काढून घेता येऊ नये’ हे एक वाक्य ‘पाठिंबा आहे’च्या हजार फॉरवर्डपेक्षा समितीच्या जास्त उपयोगाचं. घरातल्या बाईने स्वतःच्या नावाने वेगळं पत्र पाठवावं, नवऱ्याच्या पत्राखाली सही करू नये. संकेतस्थळ चाललं नाही तर रजिस्टर टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. विधेयक सभागृहात आलं की आपल्या आमदाराला त्याच पत्राची प्रत द्या, आणि विचारा की ते संयुक्त समितीकडे पाठवण्याची मागणी ते करणार आहेत की नाहीत.